अक्कांचं हिरवं गेट

आमच्या शेजारच्या कुलकर्ण्यांच्या घरात एक कायदा होता. जो स्टुलावर चढेल त्यानं काम करायचं आणि जो खाली उभा राहून स्टूल धरेल त्याचा शब्द शेवटचा. अण्णा स्टुलावर चढत आणि अक्का स्टूल धरत. म्हणजे त्या घरात शब्द कुणाचा चाले, हे वेगळं सांगायला नको.

"अहो, डावीकडं कललंय."

"सुमा, मी लेव्हल लावून बघितलंय."

"मग तुमची लेव्हलच कललीय. मला खालनं दिसायलंय की."

अण्णा मुकाट्यानं खिळा उपटत, केसभर उजवीकडे पुन्हा ठोकत. अक्का चार पावलं मागं जाऊन, मान तिरकी करून बघत आणि म्हणत, "आता छलो दिसतंय." छलो म्हणजे चांगलं. हा शब्द अक्कांच्या तोंडून सहजासहजी निघत नसे.

नव्वदच्या दशकात माझ्या नवऱ्याला गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याहून कन्नड मुलखात, नवनगरला राहायला आलो. मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच मे महिन्यात एका सकाळी शेजारून ठोकठोक सुरू झाली. नवरा रात्रपाळी करून नुकता आडवा झालेला. मी पदर खोचून भांडायला गेले. अक्कांनी दार उघडलं, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि हातात मोजायच्या टेपचं टोक देऊन म्हणाल्या, "बरं झालं आलीस. हे धर आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहा. हलू नको." मी धरलं. मी घरी परतले तेव्हा माझ्या हातात गरम उप्पिटाचा डबा होता आणि नवरा उशी कानावर घेऊन माझी वाट बघत होता. भांडण काढायचं राहिलंच, ते आजतागायत.

अण्णा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. अक्का मराठी शाळेतल्या निवृत्त बाई. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळं नवनगर त्यांना अण्णा-अक्काच म्हणे. ती दोघं एकमेकांशी मराठीत बोलत, भांडण रंगात आलं की कन्नडवर जात, आणि कन्नड थांबून पुन्हा मराठी ऐकू आली की मी ओळखायची, मिटलं.

शाळेतली उन्हाळ्याची सुट्टी अक्कांच्या अंगात अशी मुरली होती की निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. वर्षभर घरात काही मोडो, गळो, उखडो, अक्का म्हणत, "असू दे, उन्हाळ्यात बघू." आणि एप्रिल सरला की घराची दुरुस्ती निघे. एका उन्हाळ्यात माळा, एकात न्हाणीघराची फरशी, एकात परसातला कपडे धुवायचा दगड. बाहेरचा माणूस बोलवायचा नाही. एकदा एक सुतार बोलावला होता. अण्णांनी त्याला रंधा कसा धरावा ते शिकवलं आणि अक्कांनी त्याला इतकं खाऊ घातलं की दुपारी तो फळ्यांवरच झोपला. पुढं तो नवनगरात कुठंही काम धरताना "कुलकर्ण्यांच्या शेजारी नाही ना?" असं आधी विचारायचा म्हणे.

अण्णांचा जीव नकाशात. साधी खुंटी ठोकायची तरी आधी ती समोरून कशी दिसेल, बाजूने कशी दिसेल आणि वरून कशी दिसेल, अशी तीन चित्रं ते टोकदार पेन्सिलीनं काढत. न्हाणीघरातल्या एका खुंटीचा नकाशा चार दिवस चालला होता. अक्का ओला टॉवेल खांद्यावर टाकून मागं येऊन उभ्या राहिल्या. "नकाशा छलो आलाय. टॉवेल आता ह्याच्यावरच टांगू काय?"

एवढी कामसू माणसं, पण सकाळचे दहा वाजले की अक्का मोठ्यांदा "साकु!" म्हणत. पुरे. मग खिळा अर्धा आत गेलेला असला तरी तो तसाच राही. आंघोळी, जेवण, थोडी झोप, आणि चार वाजता कैरीचं पन्हं घेऊन पाच-तीन-दोनचा डाव. ह्या खेळाला तीन माणसं लागतात, आणि माझं त्या घरातलं खरं स्थान तिसऱ्या हाताचं होतं. कुंपणाच्या भिंतीवरून हाक येई, "शैला, ये की, हात कमी पडायलाय." अण्णा नियमानं खेळत आणि हरत. अक्का उघडउघड माझ्या पत्त्यांत डोकावत. मी तक्रार केली की म्हणत, "तू धरतीस कशाला असं दाखवत?" संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं, कट्ट्यावर बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट खायचं, सोबत मिरची-भजी, आणि सकाळी केलेल्या कामाकडं तिघांनी बघत बसायचं. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी उन्हाळे काढले, पण सुट्टी म्हणजे काय ते मला ह्या कट्ट्यावर कळलं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका थंडीत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवी बाजू राहिली, पण डावा हात आणि डावा पाय ऐकेनासे झाले. मुलगा श्रीधर पुण्याहून धावत आला. अण्णांना तो अप्पा म्हणे. चांगला मुलगा. आई-वडिलांची मनापासून काळजी करणं एवढाच त्याचा गुन्हा. त्यानं दवाखाना केला, व्यायाम शिकवायला माणूस लावला आणि जाण्याआधी सांगितलं, "आई, आता इथं दोघंच राहणं पुरे. पुण्याला चला. घराचं नंतर बघू."

अक्का पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकदा आठवडाभर राहून आल्या होत्या. तिथं भिंतीत खिळा मारायचा तर खालचे लोक वर येतात, हे त्यांनी मला अजून न ओसरलेल्या धक्क्यानं सांगितलं होतं.

"उन्हाळा आमचा," अक्का श्रीधरला म्हणाल्या. "मे संपताना ये आणि अप्पांना बघ. मग बोलू."

श्रीधर म्हणाला, "ठीक आहे. काठी घेऊ देत, पण कुणाचा हात न धरता अप्पा एकटे घराबाहेर जाऊन परत आले, तर मी पुण्याचं नाव काढणार नाही. नाहीतर तुम्ही दोघं माझ्याबरोबर निघायचं."

मी तिथंच होते. अक्का "हौद" म्हणाल्या, म्हणजे बरोबर आहे, आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिल्या. भांडी आधीच घासलेली होती.

अण्णा घरात चालू लागले. भिंतीला धरून, मग काठीनं, मग अंगणातही. पण गेटपाशी आले की थांबत. उजवा हात गेटवर ठेवून रस्त्याकडं बघत आणि म्हणत, "आज ऊन फार आहे." सकाळचे सात वाजलेले असत. गेटच्या बाहेर त्यांना पडायची भीती होती. त्याहून जास्त, पडलेलं कुणी बघेल ह्याची. अक्का एका शब्दानं त्यांना टोचत नसत. "हो की, फार ऊन आहे," म्हणत आणि खुर्ची पुढं सरकवत. त्यांनी आयुष्यभर ह्या माणसाच्या प्रत्येक खिळ्याला नाव ठेवलं होतं. ह्या एका बाबतीत त्या गप्प राहिल्या.

एप्रिल सरला आणि दुरुस्ती निघाली. न्हाणीघरात आणि पडवीत भिंतीला धरायला पाइप लावायचे ठरले. स्टुलावर अण्णा चढणं शक्यच नव्हतं. अक्का साडी खोचून स्वतः चढल्या. खाली अण्णा, उजव्या हातानं स्टूल धरून. मी घाबरून दुसऱ्या बाजूनं धरायला धावले तर अण्णांनी मला थांबवलं.

"शैला, तू नुसती जवळ उभी राहा. स्टूल मी धरलंय."

एवढ्या वर्षांनी शेवटचा शब्द अण्णांच्या वाट्याला आला होता आणि तो त्यांनी मनसोक्त वापरला. "सुमा, डावीकडं कललंय." "सुमा, हातोडी शेपटीला धरतात, मानेला नाही." "सुमा, मला खालनं दिसायलंय." वरून कन्नड सुरू झालं. मला तोवर थोडं कळायला लागलं होतं, म्हणून ते इथं लिहीत नाही. अण्णा आजारानंतर पहिल्यांदा पोट धरून हसले, आणि पोट धरायला त्यांनी कुठला हात सोडला हे लक्षात आल्यावर अक्का जवळजवळ उडी मारूनच खाली उतरल्या.

पत्त्यांची अडचण वेगळीच होती. डाव्या हातात पत्ते धरता येईनात. अण्णा म्हणाले, आता तुम्ही दोघीच खेळा. अक्कांनी स्वयंपाकघरातून एक परात आणली, तीत तांदूळ ओतले आणि अण्णांचे पत्ते तांदळात एकेक उभे खोचून दिले. परातीपुढं पुस्तकाचा पुठ्ठा उभा केला, आम्हाला दिसू नये म्हणून. अण्णा खूश झाले. पुढं डावातून पत्ता काढताना अक्का म्हणू लागल्या, "डाव्या हातानं काढलात तर हुकूम तुम्ही बोलायचा." अण्णा हुकमासाठी वेडे. डावी बोटं तांदळात रुतवून, घाम गाळून ते पत्ता उपसत. व्यायामाच्या माणसाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, आता मी कशाला येऊ? त्या तांदळाचा भात मात्र अक्कांनी कुणाला वाढला, ते मी कधी विचारलं नाही.

मे संपत आला. श्रीधर रविवारी संध्याकाळी येणार होता. त्या आठवड्यात अक्कांनी शेवटचं काम काढलं, गेट रंगवायचं. मला घेऊन बाजारात, कोप्पीकर रोडला गेल्या. रुमालात कढीपत्त्याची डहाळी बांधून घेतली होती, कारण हिरवा हवा तो हाच. दुकानदारानं एकामागून एक डबे उघडून दाखवले. शेवटी डहाळी सुकून तिचाच रंग बदलला, तेव्हा अक्का नाइलाजानं एका डब्यावर समाधान मानून उठल्या. परतताना बसमध्ये म्हणाल्या, "श्रीधरला बाहेरनंच दिसू दे, की इथं माणसं राहतात."

रविवारी सकाळी पॉलिश पेपरनं घासलेलं गेट तयार होतं. अण्णांचा नकाशाही तयार होता. गेट बंद ठेवूनच रंगवायचं, उघडं असलं की बिजागरीकडच्या कडा सुटतात. एकानं बाहेरून, एकानं आतून, वरून खाली, एकाच वेळी. अक्कांनी अण्णांना हाताला धरून बाहेर नेलं, गेटसमोर खुर्चीवर बसवलं, काठी शेजारी टेकवली, आत आल्या आणि गेट लावून घेतलं. मी माझ्या पायरीवर तांदूळ निवडत बघत होते. दोघं इतकी रमली होती की सकाळभर भांडणाचा आवाज नाही. अण्णांनी उजव्या हातानं ब्रशाचा एक ओरखडा न दिसू देता बाहेरची बाजू केली. अक्कांनी आतली केली. कडी दोघांनी दोन्हीकडून रंगवली, बिजागऱ्यांसुद्धा. दहा वाजले. अक्का "साकु!" म्हणाल्या आणि मागं सरून म्हणाल्या, "अहो, छलो झालंय. लईच छलो झालंय."

मग दोघं एकमेकांकडं बघू लागली. अण्णा बाहेर, अक्का आत, मधे ओलं गेट.

मला हसू आवरेना. "अहो अक्का, ढकला की. वाळल्यावर तेवढंच पुन्हा लावू."

"नको!" दोघं एकदम ओरडली.

"ठसा उठला तर पूर्ण गेट परत घासावं लागेल," अण्णा म्हणाले.

"आणि संध्याकाळी श्रीधर यायचाय," अक्का म्हणाल्या.

भिंतीवर मेंदीचं दाट कुंपण, त्यातून माणूस जाणार नाही. आमच्या घरातून जावं तर पुढच्या पायऱ्या उंच, अण्णांना न चढवणाऱ्या. उरला मागचा बोळ. आमच्या घरांची रांग संपेपर्यंत चालायचं, पिठाच्या गिरणीवरून वळायचं आणि मागून तेवढंच परत यायचं. अक्कांनी एका पायात चप्पल सरकवली. "थांबा, मी मागनं फिरून येते तुम्हाला न्यायला."

अण्णा काठी टेकून खुर्चीवरून उठले होते. "तू कशाला उन्हात येतीस? गेट बंद ठेवायचा नकाशा माझा. जा, मागचं दार उघड. मी येतो."

आणि ते चालू लागले. आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं नव्हतं. त्यांच्या डोक्यात फक्त ओला रंग होता.

मी तांदळाचं सूप बाजूला टाकून उठले तर मेंदीपलीकडून अक्कांचा दबका आवाज आला. "शैला, जाऊ नको. तू बरोबर गेलीस की झालं." मी माझ्या मागच्या अंगणातून त्यांच्या मागच्या दाराशी आले. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या, एका पायात चप्पल, एक पाय तसाच. हातात हिरवा ब्रश, आणि त्यातून रंग त्यांच्या साडीवर गळत होता. ही बाई, जिला चहात साखर कमी पडली तरी दोन वाक्यं लागत, ती एक शब्द बोलत नव्हती. मी काही म्हणायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. किती घट्ट धरलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बोळात कुणी नव्हतं. गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. गिरणी का थांबली असेल, ह्या विचारानं मी मनातल्या मनात मेले. अक्कांचे ओठ हलत होते. त्या कुठल्या देवाला काय बोलल्या, मी विचारलं नाही.

मग बोळाच्या तोंडाशी आधी काठी दिसली आणि तिच्यामागून अण्णा. डावा पाय ओढत, घामानं भिजलेले, पण ताठ. आम्हाला बघून त्यांनी पावलं उगाच भराभर टाकली आणि अक्का किंचाळल्या, "सावकाश!"

दारात येऊन अण्णा म्हणाले, "गिरणीवाला म्हणतोय, जोंधळे आणून टाका, आज गर्दी नाही. त्यानं गिरणी बंद करून पाणी पाजलं मला."

"एवढा वेळ लावतात काय?" अक्का म्हणाल्या. "इथं माझे पाय मोडले उभं राहून." आणि आत जाऊन त्यांनी चुलीकडं तोंड केलं. त्या रडत होत्या. मीही रडत होते. अण्णांना पाणी हवं होतं, ते त्यांनी स्वतः उठून घेतलं.

नंतर पुष्कळांनी मला विचारलं, हा सगळा अक्कांचाच डाव असणार, नाही का? गेट मुद्दाम लावलं असणार. मी शपथेवर सांगते, नाही. त्या उंबऱ्यातला त्यांचा चेहरा मी पाहिलाय. तो डाव टाकणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता. आणि गेट दोन्ही बाजूंनी रंगवून स्वतःलाच अडकवून घेणं, ह्यासाठी त्या दोघांना कुठल्याही डावाची गरज नव्हती.

संध्याकाळी श्रीधरची रिक्षा आली. दोन्ही हातांत बॅगा घेऊन तो गेटकडं आला तशी आतून आरोळी उठली.

"हात लावू नकोस! ओलं आहे. मागनं ये."

"मागनं? आई, अख्खी रांग फिरून?"

"त्यात काय एवढं? तुझे अप्पा सकाळी मागनंच आले."

श्रीधर थांबला. "कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर कशाला?" अक्का म्हणाल्या. "ते काय लहान आहेत?"

श्रीधरनं कट्ट्यावर बसलेल्या अण्णांकडं बघितलं. अण्णा पेपर वाचत होते, निदान तसं दाखवत होते. तो बॅगा घेऊन निघाला, गिरणीवरून वळला आणि बोळातून घामाघूम होऊन मागच्या दाराशी आला. बॅगा खाली ठेवल्या, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "बरंच लांब आहे की हो."

पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं बापाला स्टुलाच्या पायांना रबराचे तुकडे बसवून दिले, आणि ते तिरके बसलेत म्हणून अक्कांनी दोनदा काढून पुन्हा बसवायला लावले.

त्यानंतर वर्षाच्या आतच माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्हाला नवनगर सोडावं लागलं. सामानाचा टेंपो रांगेच्या टोकाशी उभा होता. आत यायला त्याला जागा नव्हती. मी अण्णा-अक्कांच्या पाया पडून, रडून-हसून पुढं होऊन टेंपोत बसले आणि मागं वळून बघितलं तर अण्णा निरोपाला रस्त्यानं येत होते. काठी टेकत, एकटे, ताठ. मान वर, कुणाला काही दाखवायचं असल्यासारखी. त्यांच्या मागून दोन पावलांवर अक्का. एक हात पुढं केलेला, अण्णांच्या डाव्या कोपराखाली, न टेकता. अण्णा थबकले की हात थबके, अण्णा निघाले की हात निघे. मला एकदम कळलं की गेले कित्येक महिने हा हात असाच चालत असणार, आणि आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नसणार.

टेंपोपाशी येईपर्यंत अण्णांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मग माझ्याकडं बघत, मोठ्या आवाजात म्हणाले, "सुमा, हात खाली घे. पोरगी बघायलीय."

"कुठला हात?" अक्का म्हणाल्या. "पदर सारखा करायलेय की."

त्यांनी पदर सारखा केला. टेंपो सुटला, आणि मी बघतेय तोवर तो हात पुन्हा होता तिथं गेला होता.